आधी कमान, मग घर

मंडळी, टाळ जरा थांबवा. मृदंगवाले, तुम्हीपण! हात शिवशिवतायत ठाऊक आहे, पण मला एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तर मोठ्यानं द्यायचं. घर बांधायला काढलं, तर आधी काय बांधावं?

पाया? कोण म्हणालं पाया? शाबास! ह्या बाबांना उद्या सकाळी दोन जिलब्या जास्त वाढा!

अहो, तुम्हाला कळतंय, मला कळतंय, कुंभारमाशीला कळतंय. मग सगळ्या गावाला कसं कळलं नाही? ऐका, त्याचीच गोष्ट सांगतो. आधी दोन ओळी म्हणा माझ्यामागं. कुठल्या संताच्या नाहीत बरं, मीच जुळवल्यात, चुकलं तर शिव्या मला द्या —

दार केलं थोर, घर नाही आत ।
देवा, तुला ठेवू कुठं, सांग दीनानाथ ॥

हां! मागच्या मंडळींचा आवाज चांगला आहे. पुढच्या सोफ्यांवरून आवाज येत नाही. कसा येईल? सोफे रिकामे आहेत! वर चिठ्ठ्या चिकटवल्यात, 'मान्यवर'. बरं, त्यांच्याकडं नंतर बघू.

तर एक गाव होतं. नाव? नाव नाही सांगणार. त्या गावात मला अजून कीर्तनाला जायचंय!

त्या गावात राहायची कौतिकाबाई. नवरा वारलेला, एक लेक, तिचं नाव रेणुका. लेक दिली तालुक्याला, चांगल्या घरात. कौतिकाबाईचं स्वतःचं काय होतं? एक कुडाची झोपडी, आणि त्या झोपडीला सागवानी दार! भिंती कुडाच्या, दार सागवानी! नवऱ्यानं कुठल्याशा पडक्या गोदामातून आणलेलं. पाऊस भिंतीतून आत यायचा, कुत्रं भिंतीखालून आत यायचं, पण कौतिकाबाई दार मात्र नियमानं लावायची. म्हणायची, "दार लावलं की घर वाटतं बाई."

एक दिवस ग्रामसेवक भाऊसाहेब आले. "मावशी, पेढे द्या! तुमचं घरकुल मंजूर झालं. केंद्राचा पैसा आलाय! पक्क्या विटांचं घर, वर स्लॅब, संडास, सगळं. नुसतं घरच नाही, गायरानावर अख्खी वसाहत होणार. रस्ता, नळ, गटार, दिवे — सगळ्याला निधी!"

कौतिकाबाईला रडूच फुटलं. का माहितीये? त्याच आठवड्यात लेकीला दिवस गेल्याची बातमी आली होती. आणि पहिलं बाळंतपण कुठं होतं? बोला की बायांनो! माहेरात! आता माहेरात म्हणजे कुठं? त्या कुडात? तिथं रेणुकाची सासू आली तर काय म्हणेल? विहीणबाई म्हणजे साधं काम नव्हतं. आमच्याकडं म्हणतात, सापाला दूध पाजावं, पण विहिणीला फिका चहा पाजू नये!

"पण मावशी," भाऊसाहेब म्हणाले, "नियम आहे. आधी जुनं घर पाडायचं. मोकळ्या जागेचा फोटो काढायचा, मग पैसे सुटतात."

कौतिकाबाईनं विचारलं, "आन् तवर ऱ्हायाचं कुठं?"

"त्याचा नियम नाहीये."

पाडली झोपडी! फोटो निघाला. मागं ओसाड जागा, पुढं कौतिकाबाई हसतेय, आणि काखेत काय? दार! भाऊसाहेब म्हणाले, दार बाजूला ठेवा. ती म्हणाली, "न्हाय ठेवत. कुणी नेलं मंजे?" दार घेऊन ती शाळेच्या पडवीत राहायला गेली. गावात दुसऱ्याही झोपड्या पडल्या. बाकीचे कुणी भावाकडं गेले, कुणी मामाकडं. कौतिकाबाईला भाऊही नाही आणि मामाही नाही, तिला शाळेची पडवी.

आता ह्या गोष्टीत सरपंच येतात. नाव विश्वंभरअण्णा! विश्व भरणारा तो विश्वंभर, आणि ह्यांचं सगळं लक्ष खिसा भरण्यात असेल असं वाटलं ना तुम्हाला? चुकलात! माणूस पै खाणारा नव्हता. तसा असता तर गोष्ट सोपी होती. अण्णांना खायला नको होतं, त्यांना दिसायला हवं होतं! फोटोत, बॅनरवर, तेराव्याच्या जेवणातसुद्धा अण्णा पहिल्या पंगतीत, तोंड कॅमेऱ्याकडं!

ग्रामपंचायतीत बैठक बसली. अण्णा म्हणाले, "वसाहतीला आधी काय पाहिजे?"

भाऊसाहेब म्हणाले, "रस्ता?"

"रस्ता आडवा असतो हो! फोटोत दिसत नाही. गटार तर जमिनीखाली, ते कुणाच्या बापाला दिसणार? दिल्लीचे साहेब पाहणीला येणार. त्यांना लांबून काय दिसलं पाहिजे? कमान! उंच! स्वागत कमान! वर आमच्या वडिलांचं, तात्यांचं नाव, खाली दोन हत्ती!"

"पण घरं?"

"घरं काय, होतील मागनं! कमान झाली की घरांना आपोआप ओढ लागते."

वा! म्हणजे तोरण बांधलं की लग्न जमणार!

मंडळी, झाली सुरुवात. रस्ता, गटार, दिवे, सगळ्याचा निधी त्या कमानीत! खांब तरी किती जाड? एकेक खांब खोलीएवढा, आतून पोकळ, वर स्लॅब, आणि बाजूला दाराएवढी फट ठेवलेली. कशाला? रोषणाईच्या वायरी ओढायला वायरमन आत शिरला पाहिजे ना! मधली वाट किती रुंद ठेवायची, ह्याचं माप कसं घेतलं ऐका. वसाहतीच्या पलीकडं अण्णांचा मळा. अण्णांनी आपली जीप मधून नेली, गेली. म्हणाले, "बास! एवढी पुरे. जास्त रुंद केली तर हत्ती लांब लांब दिसतात."

कमान उभी राहिली. गुलाबी रंग, निळे हत्ती! हत्तींचे डोळे जरा तिरळे झाले होते, पण ते असो.

मग आला विटांचा ट्रक. घराच्या विटा हो! ट्रक आला झोकात आणि कमानीपाशी थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. कमानीकडं बघितलं, ट्रककडं बघितलं, डोकं खाजवलं. ट्रक आत जाईना! ट्रॉली आणली, तीही अडली. गायरानाला दोन्ही अंगांनी ओढा, म्हणजे दुसरी वाट नाही. डोक्यावरून विटा वाहा म्हणावं, तर ठेकेदार म्हणाला, "डोक्यावरचा खर्च अंदाजपत्रकात नाही." विटा परत गेल्या. मंडळी, जगात पहिल्यांदा असं झालं असेल, की स्वागत कमानीनं घरांनाच अडवलं!

इकडं कौतिकाबाईला लेकीचा फोन आला, "आई, सासूबाई म्हणतात आता नववा लागतोय, माहेरी सोडून येते. घर झालं का गं?"

आता काय सांगावं? आई हो, तुम्ही काय सांगितलं असतं? कौतिकाबाईनं कमानीकडं बघितलं आणि म्हणाली, "झालंय की! ये तू. लांबूनच दिसंल. गुलाबी हाय. दारात हत्ती हायेत!"

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला. "हत्ती? अगंबाई! कौतिकाबाईंनी हात मोकळा सोडलेला दिसतोय!"

फोन ठेवला. लेक बाळंतपणाला येतेय, आणि तिला टेकायला भिंत नाही. शाळेच्या पडवीत पोरं कवायत करतात, तिथं बाळंतीण ठेवायची? रडली, खूप रडली. मग डोळे पुसले, काखेत दार घेतलं आणि तडक निघाली. कुठं? कमानीकडं!

डाव्या खांबाच्या फटीला तिनं दार लावून बघितलं. बसलं! बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. आत गेली, सारवलं, चूल मांडली, कोपऱ्यात देव ठेवले, आणि बाहेर हत्तीच्या पायाशी तुळस लावली. दोन हत्तींच्या सोंडांना दोरी बांधून लुगडं वाळत घातलं. म्हणाली, "दार लावलं की घर वाटतं बाई."

अण्णांना कळलं. आले तणतणत. "कौतिकाबाई! ही कमान आहे! इथं कुणी राहतं का?"

ती म्हणाली, "अण्णा, वर काय लिवलंय?"

"स्वागत!"

"मंग करा की!"

अण्णा म्हणाले, "पाहणीच्या दिवशी तरी दोरी काढा." ती म्हणाली, "दोरीचं बघू." त्यात विशेष काय? तिला पाहणीची फिकीरच नव्हती. तिला विहीणबाईंची फिकीर!

आणि देवाची करणी बघा, पाहणी आणि विहीण, दोघीही एकाच दिवशी आल्या.

पाहणीचा दिवस उजाडला. फीत बांधलेली. तबकात मखमलीवर नवीकोरी कात्री. बँडवाले, आरती घेऊन गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई, फेटे बांधलेले सदस्य! भाऊसाहेबांनी आठवडाभर हिंदी भाषण पाठ केलेलं. गाडी थांबली, आणि साहेबांऐवजी दिल्लीच्या मॅडम उतरल्या. भाऊसाहेब पुढं सरसावले, "माननीय महोदया, हमारे गाँव में आपका हार्दिक —"

मॅडम म्हणाल्या, "मराठीत बोला ना जी. मी वर्ध्याची आहे."

गेलं! आठवड्याचं पाठांतर ओढ्यात गेलं!

मॅडमनी कमान बघितली. तिरळे हत्ती बघितले. मान वाकवून पलीकडं बघितलं. पलीकडं गायरान, आणि गायरानात चार म्हशी.

"सरपंच, घरं कुठं आहेत?"

"व्हायची आहेत मॅडम. विटांचा ट्रक आत जात नाही."

"का जात नाही?"

"मधे कमान आहे."

"मग कमान कशाला बांधली?"

"घरांसाठी."

"घरं कुठं आहेत?"

"तेच सांगतोय ना, ट्रक आत जात नाही!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हशी तिथंच होत्या.

आणि तेवढ्यात, धडाम धुडूम, रिक्षा आली! आत रेणुका, शेजारी विहीणबाई. मंडळी, त्या रस्त्याचा निधी कुठं गेला होता? कमानीत! मग रस्त्यावर काय उरलं? खड्डे! खड्ड्याखड्ड्यातून ती नववा लागलेली पोर उधळत आली होती. रिक्षा थांबली, आणि पोर ओरडली, "आई गं! आई, कळा!"

एकच धांदल! अँब्युलन्सला फोन केला, ती निघाली, पण त्या रस्त्यानं ती पोचणार कधी? विहीणबाई ओरडल्या, "घर कुठंय? घरात न्या तिला!" आणि कौतिकाबाई — जिची गेले किती दिवस झोप उडाली होती, त्या विहिणीला काय सांगू म्हणून — तिनं सगळ्या गावादेखत, दिल्लीच्या मॅडमदेखत, खांबाचं दार उघडलं. म्हणाली, "हेच हाय. हेच माझं घर हाय. या."

विहीणबाईंनी खांबाकडं बघितलं. हत्तीकडं बघितलं. तोंड उघडलं. आता बोलणार! पण पोर पुन्हा किंचाळली, आणि विहीणबाईंनी पदर खोचला. "बघताय काय? पाणी तापवा!"

आशाताईंनी आरती ठेवली भाऊसाहेबांच्या हातात आणि शिरल्या आत. मॅडमपण गेल्या आत! सरपंचीणबाई आडव्या उभ्या राहिल्या दारात. आतून आशाताईंचा आवाज आला, "कात्री! कात्री पाहिजे, नवी, उकळून!"

आता नवी कात्री कुठं आहे? सगळं गाव वळलं अण्णांकडं. अण्णा तबक छातीशी धरून उभे! "अहो, ही उद्घाटनाची —"

सरपंचीणबाई म्हणाल्या, "आणा इकडं!"

कात्री गेली उकळत्या पाण्यात. बाहेर सगळे गप्प. बँडवाले गप्प. म्हशीसुद्धा गप्प. आणि मग — ट्यँहँ! ट्यँहँ!

मुलगी झाली! बँडवाल्यांना वाटलं फीत कापली, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली! तेही खरंच म्हणा. कात्री चालली, नाळ कापली, त्या कमानीचं उद्घाटन झालंच की! बोला, पांडुरंग हरी!

पाठोपाठ अँब्युलन्स आली, सिस्टरनी तपासलं, मायलेकी ठणठणीत. मॅडम हात पुसत बाहेर आल्या. अण्णांना एवढंच म्हणाल्या, "सरपंच, मी पुन्हा येईन. तेव्हा पलीकडं मला म्हशी नाही, घरं दिसली पाहिजेत." आणि गेल्या.

अण्णांना वाटलं, सुटलो! पण खरी गंमत पुढंच आहे.

सरपंचीणबाई सोवळ्याच्या कडक. त्यांनी जाहीर करून टाकलं. "इथं बाळंतीण आहे. सोयर फिटेपर्यंत ह्या कमानीखालून आपल्या घरातल्या कुणी जायचं नाही!" हे कुठल्या शास्त्रात आहे म्हणून मला विचारू नका. देवाला सोयर बाधत नाही मंडळी, पण सरपंचाला बायको बाधते!

मग मळ्यात जायचं कसं? ओढ्यातून! रोज सकाळी परीटघडीचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात, अण्णा ओढ्यात. पाय घसरला की धप्प! म्हशी बाजूला सरकून जागा करून द्यायच्या. एकदा असेच पडले आणि उठेचनात. बसून राहिले पाण्यात. समोर कमान दिसत होती. वर वडिलांचं नाव, नावाखाली दोरीवर दुपटी वाळतायत. अण्णा स्वतःशीच म्हणाले, "च्यायला! आपलीच कमान, आणि आपणच आत जाऊ शकत नाही." विटांच्या ट्रकला काय वाटलं असेल ते अण्णांना त्या दिवशी कळलं!

बारशाचा दिवस आला. कौतिकाबाई स्वतः बोलवायला गेली. "अण्णा, सोयर फिटली. नातीचं बारसं हाय. घरी या."

घरी या! अण्णा आले. दारातून वाकून आत शिरले. दाराची उंची कमी, डोकं आपटलं. आत बघितलं तर सारवलेली जमीन, समईत वात, ओढणीचा पाळणा. विहीणबाई भिंतीला पाय लावून बसलेल्या, कारण पाय पसरायला जागा नाही! तेवढ्याशा जागेत तिघी आणि एक तान्हं. कौतिकाबाईनं पाट दिला, गूळ-खोबरं दिलं, आणि हात जोडले.

"अण्णा, तुमच्या तात्यांचं लई उपकार झालं. त्यांच्या नावाखाली लेकीचं बाळंतपण निभावलं. न्हाय तर कुठं नेली असती मी तिला? गरिबाचं घर हाय, गोड मानून घ्या."

टोमणा होता का मंडळी? नव्हता! तोच तर घोळ झाला. टोमणा असता तर अण्णांनी परतवला असता. पण बाई मनापासून बोलली. पोकळ खांबाला घर म्हणाली, आणि त्याबद्दल आभार मानले! अण्णांनी गूळ-खोबरं तसंच खाली ठेवलं. डोळ्यात पाणी आलं. माणूस दिखाऊ होता हो, दगड नव्हता.

बाहेर आले आणि ओरडले, "घण आणा रे!"

भाऊसाहेब पळत आले. "अण्णा, फोटोग्राफर बोलावू का?"

"भाऊसाहेब, त्याला बोलावलंत तर पहिला घण तुमच्या पायावर घालीन!"

आणि मंडळी, उजवा खांब, रिकामा खांब, अण्णांनी स्वतःच्या हातानं फोडायला घेतला. पांढरा सदरा गुलाबी झाला! मग सगळं गाव धावलं. वरची पट्टी उतरवली, तात्यांचं नाव उतरवलं, एक हत्ती उतरवला. डावा खांब मात्र तसाच ठेवला, का? आत बाळ झोपलं होतं! वाट मोकळी झाली, विटांचा ट्रक आत गेला. आणि कौतिकाबाईच्या घराचा पाया कशानं भरला माहितीये? कमानीच्या दगडा-विटांनी! तात्यांच्या नावाची फरशी पायात गेली. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, नाव दिसणार नाही आता." अण्णा म्हणाले, "दिसत नाही, पण वर घर उभं आहे ना?"

सगळी घरं उभी राहिली. आणि रेणुका बाळाला घेऊन सासरी निघाली ती नव्या घरातून, सागवानी दारातून! विहीणबाईंनी दारावरून हात फिरवला, म्हणाल्या, "कौतिकाबाई, घर छान आहे हो. पण हत्ती पाहिजे होते!"

झाली गोष्ट. हसलात, बरं वाटलं. आता माझ्याकडं बघा.

अण्णांना हसणं सोपं आहे. आपल्या कपाळावर काय आहे? गंधाची कमान! गळ्यात माळेची कमान! सप्ताह, मंडप, भोंगा, सगळ्या कमानी! आणि आत? एखादा थकला-भागला जीव टेकायला आला तर आत जागा आहे? का चार म्हशी? बाबांनो, आतला पाया रिकामा असेल तर बाहेरची कमान फोडा, आणि त्याच विटा पायात घाला. देवाला लांबून दिसायचं नाहीये, त्याला राहायचंय.

आणि एक शेवटचं. मघाशी मी तुमच्या मंडपाच्या कमानीखालून आत आलो. सुंदर कमान! सगळ्या देणगीदारांची नावं, फोटो, रोषणाई. त्या कमानीच्या खांबाला टेकून एक आजी बसल्यात. मी विचारलं, "आत का नाही आलात?" म्हणाल्या, "आलते बुवा. जागा न्हाय म्हणाले."

मंडळी, पुढचे सोफे रिकामे आहेत. मान्यवर अजून आलेले नाहीत.

मी आता पुढं बोलणार नाही. आरतीही होणार नाही. कार्याध्यक्ष, मघापासून तुम्ही सगळ्यात जास्त हसत होता. उठा! सोफ्यावरची ती 'मान्यवर' चिठ्ठी काढा आणि आजींना हाताला धरून आत आणा. आणि येताना कमानीला जरा धक्का लागला, तरी चालेल!